बिनपायांचा पक्षी, पांढरा डोडो आणि सोन्याचा वर्ख

सप्टेंबर १५२२. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलंसुरलं एकच जहाज, 'व्हिक्टोरिया', पृथ्वीला वळसा घालून स्पेनला परतलं. जहाजात लवंगा खच्चून भरलेल्या होत्या, अठरा खंगलेले खलाशी होते आणि काही वाळवलेले पक्षी होते. मोलुकास बेटांतल्या बाचानच्या राजाने ते स्पेनच्या राजासाठी नजराणा म्हणून पाठवले होते. असा पिसारा युरोपातल्या कुठल्याच दरबाराने पाहिला नव्हता. आणखी एक नवल म्हणजे या पक्ष्यांना पायच नव्हते!

पाय होते. न्यू गिनीकडचे शिकारी पिसारा उठून दिसावा म्हणून पाय छाटून टाकत, बऱ्याचदा पंखही काढत आणि उरलेली कातडी वाळवून विकत. युरोपात मात्र कथांना ऊत आला. हा पक्षी जमिनीवर कधीच उतरत नाही, दवावर जगतो, मादी नराच्या पाठीवरच्या खोलगट जागेत अंडी घालते, मेल्यावरच तो खाली पडतो. मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने या पक्ष्यांना पाय असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. १५५५मध्ये कॉनराड गेस्नरच्या भल्यामोठ्या पक्षीग्रंथात या पक्ष्याचं, म्हणजे स्वर्गपक्ष्याचं, चित्र छापलं गेलं, तेही बिनपायांचं. पुढे खरी गोष्ट उघड झाली, तरी १७५८मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने मोठ्या स्वर्गपक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं 'पॅराडिसिया अपोडा', म्हणजे बिनपायांचा. आजही त्याचं नाव तेच आहे.

उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांच्या जुन्या चित्रांचं मला वेड आहे ते यामुळेच. चित्रकाराच्या डोळ्यांसमोर काय होतं आणि काय कधी आलंच नाही, हे दोन्ही कागदावर उमटलेलं असतं. पक्षी जिवंत होता, पेंढा भरलेला होता की फक्त कातडी होती, हे जरा निरखून पाहिलं की कळतं.

मुंबईची केळी, माल्टाची झुरळं

या स्वर्गपक्ष्यांच्या गोष्टीला मुंबईचाही एक धागा आहे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस मलय द्वीपसमूहात आठ वर्षं फिरला आणि १८६२मध्ये घरी निघाला. सिंगापूरला त्याला दोन जिवंत छोटे स्वर्गपक्षी मिळाले, दोन्ही नर. त्यांच्यासाठी त्याने शंभर पौंड मोजले. वाटेत तो मुंबईत आठवडाभर थांबला. थोडी विश्रांती हवी होती आणि पक्ष्यांसाठी केळ्यांचा ताजा साठा भरून घ्यायचा होता!

केळ्यांबरोबर त्यांना किडेही लागत. आगबोट इतकी स्वच्छ की झुरळं मिळेनात. वॉलेसने कोठारात सापळे लावले, रोज रात्री तासभर बोटीत शोधाशोध केली, तरी एका जेवणापुरतीसुद्धा झुरळं जमेनात. शेवटी माल्टामध्ये एका बेकरीत हवी तेवढी झुरळं सापडली. ती बिस्किटांच्या डब्यांत भरून त्याने पुढचा प्रवास केला. दोन्ही पक्षी लंडनच्या प्राणिबागेत सुखरूप पोहोचले आणि तिथे एक-दोन वर्षं जगले. ज्यांच्या पायांवरून युरोपात इतका गोंधळ झाला होता, ते पक्षी आता लंडनमध्ये दांडीवर पाय रोवून बसलेले कोणालाही पाहता येत होते. ज्यांनी कोणी वॉलेसला मुंबईत ती केळी विकली, त्यांचाही यात वाटा आहे असं मी धरतो.

सिसिलीत काकाकुवा

काकाकुवा हा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाकडचा. मग तेराव्या शतकात तो इटलीत कसा पोहोचला?

सिसिलीचा राजा आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ससाण्यांच्या शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्याची १२४० ते १२५०च्या दरम्यानची एक सचित्र हस्तलिखित प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. तिच्या समासांत एका पांढऱ्या काकाकुव्याची चार चित्रं आहेत. इजिप्तच्या सुलतानाने तो सम्राटाला भेट दिला होता. ही चित्रं शेकडो वर्षं तिथेच होती, पण फिनलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासकांनी २०१८मध्ये त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं. त्याआधी युरोपातलं काकाकुव्याचं सर्वांत जुनं चित्र म्हणून इटालियन चित्रकार मांतेन्याच्या १४९६च्या चित्राकडे बोट दाखवलं जाई. एका पानाच्या समासातल्या पक्ष्याने हा इतिहास अडीचशे वर्षं मागे नेला. शिवाय वास्को द गामाच्या कितीतरी आधी पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांची साखळी किती लांबवर पोहोचली होती, याचा तो पुरावाच ठरला.

गोव्याहून आलेली टर्की

१६१२. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला हुकूम केला: गोव्याला जा आणि फिरंग्यांकडे जे काही दुर्मीळ दिसेल ते विकत घे. मुकर्रबखान परतला तो चित्रविचित्र पक्षी-प्राणी घेऊन. त्यांत एक टर्की होती. मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरलेली आणि तिथून थेट मोगल दरबारात आलेली.

जहांगीरला पक्ष्यांचं खरंखुरं वेड होतं. टर्कीचं डोकं नि गळा कसे रंग बदलतात, कधी लाल, कधी पांढरे, कधी फिरोजी, हे त्याने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवलं. त्याने आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवली आहे. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना ते प्राणी काढायला सांगितलं नाही. जहांगीरने सांगितलं, कारण ऐकून वाटतं त्याहून जास्त आश्चर्य डोळ्यांनी पाहून वाटावं, अशी त्याची इच्छा होती. टर्कीचं चित्र काढलं उस्ताद मन्सूरने. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिसाचं पीस मोजून घ्यावं असं काम! गळ्यावरच्या मांसल गाठीसुद्धा त्याने सोडलेल्या नाहीत.

डोडोची तीन रूपं

मन्सूरच्याच नावावर मानलं जाणारं एक चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. त्यात ट्रॅगोपान, पट्टकादंब हंस अशा ओळखीच्या पक्ष्यांच्या मधोमध एक डोडो उभा आहे. मॉरिशसचा डोडो मोगल चित्रात! इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे, त्यामुळे हे अशक्य नाही. हे चित्र जिवंत डोडो पाहून काढलेल्या अगदी मोजक्या चित्रांपैकी मानलं जातं आणि डोडोच्या रंगरूपासाठी अभ्यासक त्यावर बराच भरवसा ठेवतात.

पण जगाच्या डोक्यात बसलेला डोडो मन्सूरचा नाही. तो गलेलठ्ठ, ढोल्या पोटाचा डोडो रोलांट सावेरी या फ्लेमिश चित्रकाराचा. त्याने डोडो पुन्हा पुन्हा रंगवला. त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र १६२६च्या सुमाराचं. पुढे ते हान्स स्लोन या मोठ्या संग्राहकाकडून पक्षीचित्रकार जॉर्ज एडवर्ड्सकडे गेलं आणि त्याने ते ब्रिटिश म्युझियमला दिलं. एडवर्ड्सने स्वतःच्या पुस्तकासाठी याच डोडोचं चित्र काढलं आणि शेजारी एक गिनीपिग बसवला, आकाराचा अंदाज यावा म्हणून.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. १८६५मध्ये मॉरिशसच्या एका दलदलीत डोडोची हाडं मोठ्या संख्येने सापडली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने सांगाडा जुळवायला घेतला, तो सावेरीच्या चित्रातल्या आकृतीच्या आत हाडं बसवून! चित्रातला डोडो जाडा, म्हणून सांगाडाही खाली दबलेला, फतकल मारल्यासारखा झाला. काही वर्षांनी ओवेनने चूक सुधारली आणि सांगाडा ताठ उभा केला. सावेरीच्या समोर बहुधा पिंजऱ्यातला अतिपोसलेला किंवा चुकीचा पेंढा भरलेला पक्षी असावा. एका चित्रकाराने काढलेली रेघ अडीचशे वर्षांनी हाडांनाही वाकवून गेली. पक्षीचित्रांच्या इतिहासात यापेक्षा जबरदस्त गोष्ट मला माहीत नाही.

आणि पांढरा डोडो? सतराव्या शतकातल्या डच चित्रांत पांढरेशुभ्र डोडो दिसतात. शेजारच्या रीयुनियन बेटावर एक पांढरा पक्षी असल्याचं प्रवाशांनी लिहिलं होतंच. या दोन्हींची सांगड घालून अभ्यासकांनी 'रीयुनियनचा पांढरा डोडो' ही वेगळी जात ठरवली. १९०७मध्ये वॉल्टर रॉथशिल्डच्या नामशेष पक्ष्यांवरच्या देखण्या ग्रंथात त्याचं रंगीत चित्रही आलं. मग विसाव्या शतकाच्या अखेरीला रीयुनियनमध्ये हाडं सापडली आणि प्रवाशांनी पाहिलेला पक्षी एक प्रकारचा अवाक, म्हणजे आयबिस, असल्याचं ठरलं. पांढरा डोडो नावाचा पक्षी पृथ्वीवर कधी नव्हताच. चित्रं मात्र अजून आहेत.

कोळ्याने धरलेला हमिंगबर्ड

चित्रकार मारिया सिबिला मेरियन बावन्न वर्षांची होती. १६९९ साली धाकट्या मुलीला घेऊन ती अॅमस्टरडॅमहून जहाजात बसली आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, किडे आणि फुलपाखरं काढायला. त्या काळात हे किती धाडसाचं होतं याचा विचार करावा! आजारपणामुळे तिला १७०१मध्ये परतावं लागलं. १७०५ला आलेल्या तिच्या ग्रंथात साठ चित्रं आहेत. त्यातलं एक सर्वांत वादळी ठरलं: पेरूच्या फांदीवर एक भलाथोरला केसाळ कोळी हमिंगबर्ड खातो आहे.

कोळी आणि पक्षी खातो? शक्यच नाही, असं म्हणत पुढच्या टीकाकारांनी तिची टर उडवली. लिनियसने मात्र या चित्रावर भिस्त ठेवून कोळ्याच्या नावातच 'पक्ष्यांचा' असा अर्थ घातला. आणि १८६३मध्ये अॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून आलेल्या हेन्री बेट्सने पुस्तकात लिहिलं, की असा कोळी छोट्या पक्ष्यांना मारतो हे आपण डोळ्यांनी पाहिलं. मेरियन खरी ठरली. एक चूक मात्र तिच्या चित्रात आहेच: घरट्यात चार अंडी दिसतात. हमिंगबर्ड घालतो दोन.

अठरा वर्षांचा मुलगा आणि जिवंत पोपट

आता माझा सर्वांत लाडका. एडवर्ड लिअर. इंग्रजी शाळांत शिकलेल्यांना तो घुबड आणि मांजरीच्या गमतीदार कवितेमुळे माहीत असतो. त्याआधी तो पोपटांचा चित्रकार होता, आणि काय चित्रकार!

१८३०मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने लंडनच्या प्राणिबागेत जिवंत पोपट काढायची परवानगी मिळवली. तेव्हा बहुतेक पक्षीचित्रं पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून होत. लिअरला ते नको होतं. राखणदार पोपट हातात धरून उभा राही आणि लिअर पंखांची, चोचीची मापं घेई. पोपट पाहायला आलेली माणसं आता चित्रकाराभोवती गर्दी करत. लिअर त्यांनाही सोडत नसे. पोपटाच्या कच्च्या रेखाटनांच्या कडेला त्या बघ्यांची तोंडं उमटत.

छपाईसाठी त्याने शिळाप्रेस निवडली. तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करायला कारागीर लागतो आणि मूळ रेषेत दुसऱ्याचा हात शिरतो. शिळेवर चित्रकार स्वतःच्या हाताने खडूसारख्या तेलकट पेन्सिलीने काढतो आणि रेष जशीच्या तशी कागदावर उतरते. मोठ्या आकाराच्या पक्षीचित्रांसाठी इंग्लंडमध्ये ही वाट लिअरनेच रुळवली. एकूण ४२ चित्रं झाली. प्रती काढायच्या होत्या फक्त १७५. छपाई झाली की तो शिळेवरचं चित्र पुसून टाकी. एक तर नव्या शिळा महाग, आणि दुसरं म्हणजे आगाऊ पैसे भरलेल्या वर्गणीदारांखेरीज आणखी कोणाला प्रत मिळू नये. हे चित्रसंच हप्त्याहप्त्याने निघत आणि पैशांची ओढाताण कायमची असे. पुढे नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्याने पिसांचं बारीक काम सोडून निसर्गदृश्यं धरली आणि १८४६मध्ये तो राणी व्हिक्टोरियाला चित्रकला शिकवायला गेला.

त्याने एका निळ्या मकावला हायसिंथ मकाव समजून रंगवलं होतं. पण त्याचं काम इतकं काटेकोर होतं की पुढे बोनापार्ट या पक्षीशास्त्रज्ञाला तो मकाव वेगळाच दिसला. १८५६मध्ये त्याने त्याला वेगळी जात ठरवून लिअरचं नाव दिलं. हा पक्षी पिंजऱ्यांत यायचा, संग्रहालयांत होता, पण रानात कुठे राहतो हे कोणालाच सांगता येईना. त्याचं घर १९७८मध्ये सापडलं, ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या कोरड्या, लाल कड्यांच्या प्रदेशात. हेल्मुट सिक नावाचा पक्षीशास्त्रज्ञ तिथपर्यंत पोहोचला, तेव्हा लिअरला जाऊन नव्वद वर्षं झाली होती. निळ्या पिसांच्या दोन जातींतला फरक जिवंत पक्ष्यासमोर बसून रंगवणाऱ्या एका पोराच्या कागदावर आधीच उतरलेला होता.

आणि हो, लिअर मुंबईत येऊन गेला आहे. १८७३ ते १८७५ त्याने हिंदुस्थान पालथा घातला. हिंदी शब्दांचे भलभलते अर्थ लावून लिहिलेली 'द कमरबंद' ही त्याची विनोदी कविता १८७४मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तच पहिल्यांदा छापून आली.

सोन्याचा वर्ख

हमिंगबर्डचा गळा क्षणात काळा, क्षणात माणकासारखा. तो रंग पिसात मुळी नसतोच. पिसाच्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, लहरी एकमेकींत मिसळतात आणि आपल्याला रंग दिसतो. मग तो रंगाच्या डबीतून कसा काढायचा?

इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्डचं उत्तर होतं: सोनं. हमिंगबर्डवरचा त्याचा ग्रंथ १८४९ ते १८६१ या काळात निघाला, ३६० चित्रांचा. त्यातल्या चमचमत्या पिसांच्या जागी सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंगाचे आणि वॉर्निशाचे हात दिले जात. पान हललं की गळा झळकतो. फ्रान्समध्ये त्याच्या पन्नास वर्षं आधी, चमकत्या पक्ष्यांवरच्या ओदबेर आणि व्हियेयोच्या ग्रंथात सोन्याने छापलेली चित्रं होतीच. मोजक्या प्रतींत तर मजकूरही सोन्याच्या अक्षरांत होता.

१८५१मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा गूल्डने प्राणिबागेत आपले पेंढा भरलेले हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले. सहा पेन्स तिकीट. सुमारे पंचाहत्तर हजार लोक पाहून गेले, राणीसकट. आणि स्वतः गूल्डने तोवर जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता! पहिला दिसला तो १८५७मध्ये, फिलाडेल्फियाच्या एका बागेत.

गूल्डचं नाव सगळे घेतात. त्याच्या बायकोचं, एलिझाबेथचं, घेणारे कमी, आणि याची मला खरीच खंत आहे. हिमालयातल्या पक्ष्यांवरचं गूल्डचं पहिलं पुस्तक आलं १८३० ते १८३२मध्ये. त्यातली ८० चित्रं शिळेवर उतरवली ती एलिझाबेथने. शिळाप्रेसचं काम तिने त्यासाठी शिकून घेतलं. नवऱ्याच्या अनेक पुस्तकांसाठी तिने शेकडो चित्रं केली आणि आठव्या बाळंतपणानंतर १८४१मध्ये ती गेली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. ईशान्य भारतात दिसणारा लाल-पिवळा, निळसर शेपटीचा 'मिसेस गूल्ड्स सनबर्ड' तिच्या नावाचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातला रंगीबेरंगी 'गूल्डियन फिंच'सुद्धा तिच्याच नावाचा. ते नाव गूल्डने तिच्या मृत्यूनंतर दिलं.

हिरवा कसा करायचा?

लहान मुलाला विचारा: हिरवा रंग हवा तर काय कराल? निळ्यात पिवळा मिसळू. पोपटही जवळपास हेच करतो! त्याच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या रचनेतून निळा प्रकाश परततो आणि वर पिवळं रंगद्रव्य असतं. दोन्ही मिळून हिरवा. म्हणजे निळ्यावर पिवळ्याचा पातळ हात देणारा चित्रकार पिसाचीच युक्ती वापरत असतो.

आफ्रिकेतला टुराको याला अपवाद. त्याचा हिरवा खराखुरा हिरवा आणि त्याच्या पंखातल्या लाल रंगात तर तांबं असतं. हा लाल रंग सौम्य क्षार मिसळलेल्या पाण्यात उतरतो.

टूकनच्या चोचीची अडचण वेगळीच. पक्षी मेला की तिचे झगझगीत रंग विझून जातात. वाळलेल्या नमुन्यावरून काम करणाऱ्या चित्रकाराने ते अंदाजानेच भरायचे. डोळ्यांभोवतीचं कातडं, पाय, बुबुळं यांचंही तेच. म्हणून रानात काम करणाऱ्या संग्राहकाची चिठ्ठी सोन्याइतकी मोलाची: 'बुबुळ फिकट निळं, पाय शेंदरी.' पण शेंदरी म्हणजे नक्की कुठला? यासाठी पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकाराने १८१४मध्ये रंगांच्या नावांची नमुनेवही काढली आणि डार्विनने तिची पुढची आवृत्ती 'बीगल' जहाजावर नेली. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट रिजवे त्याहून चिवट. १९१२मधल्या त्याच्या पुस्तकात १,११५ रंगांचे नमुने आहेत, प्रत्येकाला नाव दिलेलं.

फ्लेमिंगो मान का वाकवतो?

पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने अमेरिकेतला प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा छापायचं ठरवलं. पान जवळजवळ एक मीटर उंच, तरी फ्लेमिंगो मावेना. मग मान खाली वळवली. पक्षीचित्रांतली ही सर्वांत प्रसिद्ध मान.

फणसावरचा हळद्या

ऑड्युबॉनच्या कितीतरी आधी पक्षी रंगवायचं काम आपल्याकडे चाललं होतं. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पे यांच्या पत्नीने, मेरी इम्पे यांनी, घरी पक्षी-प्राणी पाळले होते आणि ते रंगवण्यासाठी पाटण्याचे तीन चित्रकार ठेवले होते: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. १७७७ ते १७८२ या काळात तीनशेहून जास्त चित्रं झाली, त्यांतली निम्म्याहून जास्त पक्ष्यांची. मोगल पद्धतीत तयार झालेला हात, कागद इंग्लंडचा आणि समोर जिवंत पक्षी. झैनुद्दीनचा काळ्या डोक्याचा हळद्या फणसाच्या बुंध्यावर बसला आहे, शेजारी एक किडा. त्याचाच एक काकाकुवा सीताफळाच्या फांदीवर आहे. पक्षी इंडोनेशियाकडचा, सीताफळ मूळचं अमेरिकेतलं, चित्रकार पाटण्याचा. या चित्रांवर तिघांचीही नावं आहेत, याचं मोल फार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले बाकीचे बहुतेक चित्रकार निनावीच राहिले.

मद्रासेत १८०१ ते १८०७ या काळात एलिझाबेथ ग्विलिम यांनी स्वतः ब्रश धरला. त्याही एका न्यायाधीशाच्याच पत्नी. आधी जिवंत पक्षी पकडून आणवायचे आणि मग ते काढायचे, जमेल तिथे खऱ्या मापाचे. १८०७मध्ये त्या मद्रासेतच वारल्या. त्यांची सव्वाशेच्या आसपास चित्रं शंभराहून जास्त वर्षं विस्मरणात गेली आणि १९२४मध्ये लंडनमध्ये एका पक्षीप्रेमी डॉक्टरच्या हाती लागली. आता ती माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आहेत.

आणि तंजावर! मराठी वाचकांनी अभिमानाने सांगावं असं नाव म्हणजे सरफोजीराजे दुसरे. संस्कृत, मराठी, तमिळ ग्रंथांचा संग्रह, डोळ्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी, छापखाना, आणि त्याच जिज्ञासेतून दरबारच्या चित्रकारांकडून करून घेतलेली पक्षी, प्राणी नि माशांची चित्रं. यांतला एक संच त्यांनी तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

उलटा टांगलेला निळा

न्यू गिनीच्या डोंगरांत १८८०च्या दशकात निळा स्वर्गपक्षी सापडला. नुसती कातडी हातात घेऊन कोणाला कळणार, की मादीला भुलवताना हा नर फांदीला चक्क उलटा लटकतो, निळ्या पिसांचा पंखा पसरतो आणि एखाद्या यंत्रासारखा घुमत राहतो? हे कळायला रानात बसावं लागतं. ऑस्ट्रेलियाचे चित्रकार विल्यम कूपर तसे बसले. १९७७मध्ये आलेल्या, स्वर्गपक्ष्यांवरच्या त्यांच्या ग्रंथात पक्षी नाचतात, लटकतात, फुलतात. त्यातलं प्रत्येक पान मला पिगाफेट्टाला दाखवावंसं वाटतं.

बोधचिन्हातला विल्यम

शेवटची गंमत मुंबईची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर मोठी पिवळी चोच असलेला धनेश आहे. तो नुसता एखादा धनेश नाही. त्याचं नाव विल्यम. जन्म मे १८९४चा. तीन महिन्यांचा असताना कारवारहून तो सोसायटीला भेट म्हणून आला आणि १९२०पर्यंत तिथेच राहिला. तिसरं वर्ष संपता संपता त्याची लांबी सव्वाचार फूट भरली. केळी आणि रानउंबरं तो आवडीने खाई. जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चं मांसही त्याला चाले. पाणी मात्र ना पीत असे, ना त्यात आंघोळ करत असे. तीस फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकला तर तो चोचीत अचूक झेलत असे. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १९३३मध्ये, बोधचिन्ह तयार झालं तेव्हा तेरा वर्षांपूर्वी गेलेल्या या विल्यमलाच त्यावर जागा मिळाली.